काकांचा आज तो आपला उद्या

सूनबाई आता स्वतः सासू झाल्या आहेत, तरी घरात त्यांना सगळे सूनबाईच म्हणतात. नाव एकदा अंगाला लागलं की पक्क्या रंगासारखं बसतं, धुऊन जात नाही. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की त्यांची सून हातातला फोन त्यांच्यापुढे धरते आणि विचारते, आज चादरी बाहेर टाकू का. मग सूनबाई चष्मा पुसून फोनमधलं ते हलतं चित्र बघतात, ज्यात पावसाचे हिरवे-पिवळे डाग सरकत येतात. तासा-दोन तासांचं काय ते त्या चित्राला विचारावं, असं त्यांचं मत. उद्या-परवाचं हवामान खात्याला. त्यापलीकडच्या पंधरा दिवसांचे आकडे तोच फोन तितक्याच ठामपणे दाखवतो, तेव्हा त्या नुसत्या हसतात. आणि हंगामाचा अंदाज? तो वाचावा, ऐकावा, त्याप्रमाणे घरात सरपण किती भरायचं ते ठरवावं, पण त्याच्या भरवशावर एक चादरही बाहेर टाकू नये.

सुनेला नवल वाटतं, की शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या सासूबाई हे शिकल्या कुठे. शिकल्या सासरीच. फरक एवढाच, की तेव्हा तास, उद्या आणि हंगाम फोनमध्ये राहत नसत. ती माणसं होती. त्यांना चहा लागायचा, त्यांचे गुडघे दुखायचे, आणि ती एकमेकांवर रुसायची.

सासरचा धंदा कापड रंगवण्याचा. पुढे राहायच्या दोन खोल्या, मागे भट्टी आणि रंगाचे हौद, आणि हौदांच्या मागे गवताचं मोठं पटांगण. रंगात बुडवलेलं कापड पिळून त्या गवतावर पसरायचं, आणि ते वाळेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. ओल्या रंगावर चार थेंब पडले की ठिपके उठत, आणि ठिपका देवीच्या व्रणासारखा, जन्मात जात नसे. लहान कापड पळवून छपरीत नेता येई. मोठं नेता येत नसे. म्हणून त्या घरात उठल्यापासून निजेपर्यंत आभाळाचीच चौकशी.

त्या चौकशीचे मामंजींनी, म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांनी, नियम घालून दिले होते. ज्याला जेवढं दिसतं तेवढंच त्याला विचारावं, हा त्यांचा मुख्य नियम.

घडीभराचं विचारायचं ते आत्याबाईंना. या मामंजींच्या थोरल्या बहीण. दिवसभर मागच्या दाराच्या पायरीवर बसून असत. वारा फिरला, भट्टीचा धूर खाली बसू लागला, कावळे गप्प झाले, की त्या "उचला" एवढाच शब्द बोलत. मग माणूस तोंडात घास घेऊन बसलेला का असेना, उठून धावे. शेवटचं कापड छपरीत जाईतो सर कोसळलेली असे. पण याच आत्याबाईंना कुणी उद्याचं विचारलं की त्या हटकून चुकत, आणि चुकल्या की विचारणाऱ्यालाच रागे भरत. मामंजी म्हणत, "अक्काला उद्याचं विचारणं म्हणजे उंबऱ्याला पुढच्या गावाचा रस्ता विचारणं."

आठवड्याचा कल रेडिओ सांगे. त्याचं 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' हे पालुपद ऐकून मामंजी रेडिओलाच विचारत, की बाबा, तुरळक म्हणजे आमचं पटांगण की शेजारचा गाडीतळ. पण तो कल ऐकूनच या आठवड्यात मोठं काम घ्यायचं की बारीकसारीक, हे ते ठरवत. हंगामाचा अंदाज वर्तमानपत्रात येई. तो वाचून सरपणाची मोळी वाढे किंवा कमी होई, बाकी काही नाही.

आणि उद्याचं? उद्याचं सांगणारे एकच, बंदरकाका.

बंदरकाका म्हणजे मामंजींचे पाठचे भाऊ. बंदरावर त्यांचं दोर, कंदील, डांबर असल्या होडीवाल्यांना लागणाऱ्या वस्तूंचं दुकान होतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. त्या भागात पाऊस यायचा तो समुद्रावरून, आधी बंदरावर आणि मग दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यांच्या पटांगणावर. मामंजी म्हणत, "धाकट्याचा आज तो आपला उद्या." रोज दिवेलागणीला काका धक्क्याच्या टोकापर्यंत जात, आभाळ बघत आणि दुकानात येऊन फोन लावत. बोलणं अगदी तारेसारखं. "ढग आहेत. कोरडे. टाक कापड." मग एक वाक्य न चुकता, सूनबाई बरी आहे ना. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला माहेरचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे ते शेवटचं वाक्य ऐकायला ती फोनच्या आसपास वाती वळत बसे, आणि मामंजीही हटकून तिच्याकडे बघत म्हणत, बरी आहे.

एका सोमवारी नाटकगृहाचं काम आलं. रंगमंचाचा नवा पडदा, गडद डाळिंबी. रंगात काडीचा फरक नको म्हणून सगळे पट्टे एकाच हौदात, एकाच दिवशी बुडवायचे आणि एकाच उन्हात वाळवायचे. सगळं पटांगण झाकून जाईल एवढं कापड. भट्टी तापवायची, रंग पक्का बसावा म्हणून तुरटीचं पाणी धरायचं, यात मंगळवार जाणार होता. सोमवारी संध्याकाळी फोनच्या तारांमध्ये खरखर फार होती. मामंजी ओरडूनच बोलत होते, की बुधवारी मोठा पडदा टाकतोय, तुझं काय म्हणणं.

तिकडून उत्तर आलं, "परवा नाही." आणि खरखरीत फोन तुटला.

आता सोमवारपासून बुधवार म्हणजे परवाच. दोन दिवसांच्या वाटेवर गेलेली होडकी पावसाच्या धाकाने परत फिरताना काकांनी पाहिली होती. म्हणून ते सांगत होते, की परवा नको टाकूस, परवा नाही. आणि मामंजींनी ऐकलं, की पर्वा नाही, खुशाल टाक. लिहिताना एका शब्दात जोडाक्षर आहे आणि एकात नाही. पण फोनवर माणूस लिहीत नाही, बोलतो, आणि बोलताना दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे वाटतात.

मंगळवारी तारा दिवसभर बंदच राहिल्या, आणि बुधवारी पडदा गवतावर पसरला. आत्याबाई दुपारी "उचला" म्हणाल्या खऱ्या, पण एवढं ओलं, जड कापड उचलणार किती जण. सर आली आणि डाळिंबी पडद्यावर गोवर उठावा तसे ठिपके उठले. पुढे पडदा काळपट निळ्यात बुडवून द्यावा लागला. नाटकगृहवाल्यांनी कुरकुरत घेतला. तो भाग निभावून गेला. निभावलं नाही ते संध्याकाळचं.

दिवेलागणीला फोन आला, तेव्हा मामंजी म्हणाले, की तू पर्वा नाही म्हणालास. काका म्हणाले, मी परवा नाहीच म्हणालो. मामंजी म्हणाले, तेच तर. दोघंही तेच म्हणत होते आणि दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायला जागाच उरली नाही. शेवटी मामंजींच्या तोंडून निघून गेलं, की ज्याला भावाच्या घराची पर्वा नाही त्याला उद्याचं विचारणारा मी मूर्ख. तिकडे फोन ठेवला गेला. सूनबाईच्या हातातली वात तशीच राहिली. त्या दिवशी ती बरी आहे का, हे कुणी विचारलं नाही.

मग दिवेलागणीचा फोन बंद झाला. मामंजींनी 'उद्या'च्या जागेवर नवा माणूस शोधायला सुरुवात केली. आधी भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं तबकडीचं यंत्र आलं. त्याचा काटा खाली आला की सगळे धावत, पण पुष्कळदा काटा नुसताच खाली येई आणि वर आभाळ निळं. मग आत्याबाईंना विनवून झालं. त्या म्हणाल्या, मी पायरीवरची बाई, मला घडीचं कळतं, उद्याचं तुझ्या भावाला विचार. त्यावर मामंजी दोन दिवस त्यांच्याशीही बोलले नाहीत.

शेवटी ते हवामान कचेरीत जाऊन आले. तिथला साहेब भला माणूस निघाला. त्याने चहा दिला, नकाशे दाखवले आणि काही हातचं न राखता सांगितलं, की दोन-तीन दिवसांचं विचारा, आमचा अंदाज सहसा चुकायचा नाही. दहा दिवसांचं विचाराल तर नुसता कल सांगेन. हंगामाचं म्हणाल तर कमी की जास्त, एवढंच. पण हे सगळं सबंध मुलखाचं झालं. तुमच्या एका पटांगणात उद्या दुपारी काय होईल, हे ज्या बाजूने ढग येतात त्या बाजूला तुमचं कुणी असेल तर त्याला आमच्या जोडीने विचारत जा. घरी येऊन मामंजी म्हणाले, "साहेब हुशार आहे." मग जोडे काढता काढता म्हणाले, "पण फार बोलतो."

संध्याकाळ झाली की मात्र ते फोनपाशी खुर्ची ओढून वर्तमानपत्र वाचत बसत. पान उलटत नसे. सूनबाई ते बघे आणि देवापुढे दिवा लावताना एकच मागणं मागे, की या दोघांना परत बोलतं कर.

देवाने मागणं ऐकलं, पण आपल्या तऱ्हेने. एके सकाळी मामंजी हौदावर असताना फोन वाजला. काका होते. आधी त्यांनी विचारलं, बरी आहेस ना मुली. मग म्हणाले, उद्या कापड टाकू देऊ नकोस, आणि मी सांगितलं असं बोलू नकोस.

इथे सूनबाईची पंचाईत झाली. तिला आईने लहानपणी एक व्रत दिलं होतं, रोज सकाळी देवाला सांगायचं, आज खोटं बोलणार नाही, आणि रात्री देवाला सांगायचं, नाही बोलले. घरात त्यावरून थट्टा चाले. पाहुण्यांसमोर सूनबाईला स्वयंपाक कसा झालाय ते विचारू नका, खरं सांगेल. तिने काकांना सांगितलं, मला लपवता येणार नाही. काका म्हणाले, खोटं बोल म्हणतंय कोण? विचारलं तर सांग. नाही विचारलं तर गप्प बस. गप्प बसल्याने व्रत मोडत नाही ना?

दुपारी तिने मामंजींना चहा देताना हळूच म्हटलं, उद्या कापड न टाकलेलं बरं. मामंजींनी बशी खाली ठेवली. तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. आणि कुणी सांगितलं, असं न विचारता म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी पाऊस आला.

तेव्हापासून तो परिपाठच पडला. सकाळी काकांचा फोन, दुपारी चहाच्या वेळी मामंजींचा प्रश्न, सूनबाई, उद्याचं काय म्हणता. ती सांगे. ते कधीच पुढचं विचारत नसत. तिचं व्रत मोडू नये म्हणून, की स्वतःचा ताठा मोडू नये म्हणून, हे त्यांचं त्यांना ठाऊक. बहुधा दोन्ही असावं. माणूस एका कारणाने एवढा सांभाळून वागत नाही.

पण अशी गोष्ट चार भिंतींत राहते थोडीच. रंगाऱ्याची सून उद्याचं अचूक सांगते, हे गल्लीत झालं. लाकडाला रोगण लावणारा सुतार येऊन विचारू लागला. शाळेच्या मोठ्या बाई खेळांच्या दिवसासाठी विचारून गेल्या. सूनबाई काकुळतीला येऊन सांगे, मला कळत नाही हो, मला कळवलं जातं. हे अक्षर न अक्षर खरं होतं. पण रोज पहाटे उठून जप करणारी बाई असं म्हणाली की लोक कळवणारा कोण समजणार? सुताराची म्हातारी आई एक दिवस आली आणि कुणाला काही कळायच्या आत तिच्या पाया पडली.

त्या दुपारी सूनबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चहाचा पेला ठेवून ती म्हणाली, "मामंजी, लोक माझ्या पाया पडायला लागलेत. मी एक शब्दही खोटा बोललेली नाही, आणि सगळं खोटं झालंय. उद्यापासून मला विचारू नका."

मामंजी आधी चमकले. मग त्यांना हसू फुटलं, कितीतरी महिन्यांनी. पायरीवरून आत्याबाईंनी विचारलं, कशाला दात काढतोयस. मामंजी म्हणाले, "अक्का, आपला धाकटा देव झालाय." एवढ्या दिवसांत त्यांनी भावाचा उल्लेख केला तो तेवढाच. मग हसू ओसरलं आणि खाली मान घालून ते हौदाकडे निघून गेले. फोन मात्र त्यांनी केला नाही.

सूनबाईने मनाशी ठरवलं, की दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला की त्यांनाही तेच सांगायचं, आता तुमचं तुम्ही मामंजींशी बोला, माझ्या तोंडाने नको. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्याही दिवशी आला नाही. पुढेही नाही.

विचारू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मामंजी काही दिवस चहा पिऊन उठून जात. मग एका दुपारी उठले नाहीत. भट्टी विझलेली होती, पटांगणात गवताखेरीज काही नव्हतं, आणि आठवडाभर मोठं कापड हाती घ्यायचंही नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "सूनबाई, उद्याचं काय?"

"काही कळलं नाही, मामंजी."

"काल?"

"कालही नाही. बरेच दिवस झाले."

मामंजींनी पेला उचलला तो तसाच खाली ठेवला. त्यांच्या बोटांवर रंगाची निळी कडा कायमची बसलेली होती. ती बोटं पेल्याभोवती घट्ट झाली. उन्हा-पावसाचा प्रश्नच नव्हता तिथे. हे त्यांनाही कळलं, आणि तिलाही कळलं की त्यांना कळलंय. ते उठले, पुढच्या खोलीत गेले आणि दुकानाचा आकडा फिरवला. घंटा वाजत राहिली. त्यांनी ठेवला, पुन्हा फिरवला. सूनबाई दारात उभी राहून मनातल्या मनात नाम घेत होती.

तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. मामंजींचा आवाज एकदम मऊ झाला. "धाकट्या, मी बोलतोय."

तिकडचं बोलणं सूनबाईला ऐकू येत नव्हतं. नंतर मामंजींनी सांगितलं त्यावरून कळलं. काकांच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, पट्ट्या होत्या. शेजारचा होडीवाला दोन वेळा जेवण आणून देत होता. आभाळच दिसत नाही तर काय सांगू, म्हणून त्यांनी फोन केला नव्हता. त्या वेळी तिला ऐकू आलं ते मामंजींचं तेवढं बोलणं.

"आभाळ दिसलं नाही तर फोन करायचा नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

मग बराच वेळ ते नुसतेच ऐकत राहिले. बुधवारचं, पडद्याचं, त्या एका शब्दाचं नाव कुणीही काढलं नाही. तिला वाटलं, आता माफी मागतील, कुणीतरी आधी मागेल. तसलं काही झालं नाही. मामंजी मधेच मोठ्याने म्हणाले, "इथलं आभाळ? इथलं सांगून तुला काय उपयोग? तुझ्याकडूनच काल निघून आलंय ते." मग थोडं थांबून, "हो रे. काल तुला दिसलं नसेल."

त्यांनी फोनची दोरी ताणत ताणत खिडकीपाशी नेली. जन्मभरात आभाळाबद्दल ते 'टाका' आणि 'उचला' याच्या पलीकडे काही बोलले नव्हते. आता शब्द शोधू लागले. सापडले ते हौदावरचेच.

"खाली, गाडीतळाच्या अंगाला, करडा आहे. दुसऱ्या बुडीचा करडा, अजून तुरटी न लागलेला. त्याच्यावर एक पट्टा, अक्काच्या जुन्या शालीसारखा, विटका जांभळा. नाही, पाऊस नाही त्यात. नुसता चाललाय. कडेला जरा पिवळं धरलंय, हळदीच्या पाण्यात बोट बुडवून काढावं तेवढंच."

आत्याबाई भिंत धरत धरत आत आल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, मला दे, मला बोलू दे. मामंजींनी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं आणि खिडकीचं दार आणखी लोटलं.

"थांब," ते भावाला म्हणाले, "ठेवू नकोस. आता रंग बदलतोय."